हिमाचे सौंदर्य आणि घराची ऊब



मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांवर उत्तम व्याख्याने झाली. यंदा कार्यकर्त्यांनी माझ्यासारख्या होमिओपॅथीच्या डॉक्टरला बोलावले आणि विषयही मलाच निवडायला सांगितला. उत्तरेकडच्या देशांतला बर्फाळ हिवाळा आणि त्याचे सौंदर्य, असा विषय मी कळवला. तेव्हा आपले एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले, "डॉक्टरबाई, धार-देवासच्या माणसाला बर्फ भेटतो तो लग्नाच्या सरबतात. त्यावर तासभर काय बोलणार?" पुढची पाने हे त्यांना दिलेले उत्तर आहे. बोलण्यातली पाल्हाळ काढून आणि थोडी भर घालून ते आपल्यापुढे ठेवते.

माझे माहेर सांगली जिल्ह्यातले, सासर धारचे आणि दवाखाना देवासला. या तिन्ही ठिकाणी कधी बर्फ पडत नाही. तरी दवाखान्यात बर्फाचा विषय हल्ली वरचेवर निघतो. आपल्या ओळखीच्या किती घरांतली मुले कॅनडात, अमेरिकेत, जर्मनीत, स्वीडनमध्ये आहेत ते आपण मोजून पाहा. पूर्वी आईवडील तिकडे उन्हाळ्यात जाऊन येत. आता मुलीचे बाळंतपण, नातवंडांची शाळा, सुनेची नोकरी अशा कारणांनी हिवाळ्यातही जावे लागते. निघण्याआधी ते तब्येत दाखवायला येतात आणि विचारतात, "बाई, तिकडची थंडी सोसेल ना?" परत आल्यावर मात्र दोन तऱ्हा दिसतात. एक काका म्हणाले, "चार महिने खिडकीत बसून काढले. तुरुंग बरा." त्याच वर्षी त्याच देशातून आलेल्या एक काकू म्हणाल्या, "पहिला बर्फ पडला तेव्हा मी अंगणात नुसती उभी राहिले. जन्माचे सार्थक झाले." बर्फ तोच आणि वयही साधारण तेच. मग हा फरक कशाने पडला? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच आहे.

आधी शब्दांकडे पाहू. इंग्रजीत आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत बर्फाला एक शब्द आहे आणि गोठलेल्या पाण्याच्या लादीला दुसरा. आपल्याकडे बोलताना दोन्हींना बर्फच. हा शब्द फारसीतून आला. संस्कृतातून आलेला 'हिम' आपण पुस्तकांसाठी आणि पर्वताच्या नावासाठी राखून ठेवला. पण तोच हिम घरगुती वेषात आपल्या तोंडी सदा असतो. हिवाळा, हिंव भरणे, हिवताप ही सगळी त्याचीच लेकरे. म्हणजे आपल्या भाषेने हिमाचा गारवा ठेवला, शहारा ठेवला, आजारही ठेवला आणि रूप तेवढे सोडून दिले. जे कधी पाहिलेच नाही त्याच्या रूपाला शब्द कुठून येणार?

लादीचा बर्फदेखील आपल्याकडे फार जुना नाही. मोगल बादशहांसाठी तो हिमालयातून आणवत. सामान्य शहरवासीयांपर्यंत तो पोहोचला तो अमेरिकेतून. १८३३ साली बॉस्टनहून 'टस्कनी' नावाचे जहाज मॅसॅच्युसेट्समधल्या तळ्यांवरचा गोठलेला बर्फ भुशात बांधून चार महिन्यांनी कलकत्त्याला आले. निघताना सुमारे १८० टन होता, पोहोचताना शंभर टनांच्या आसपास उरला. उत्तरेच्या हिवाळ्याची आणि आपली पहिली मोठी ओळख ही अशी, पेल्यातल्या गारव्याची.

आपल्या साहित्यातही हिमाकडे थोडे तिरकेच पाहिले गेले. ज्याचे नाव शेजारच्या उज्जयिनीशी जोडले जाते तो कालिदास 'कुमारसंभवा'च्या आरंभी हिमालयाचे वर्णन करतो. तिथे तो हिमाला पर्वताचा दोष मानतो. एवढ्या गुणांत एक दोष लपून जातो, चंद्राच्या किरणांत डाग लपावा तसा, असा त्याचा आशय आहे. युक्तिवाद सुंदर आहे, पण हिमाला आधी दोष ठरवूनच पुढे गेलेला आहे. हेमंत आणि शिशिर या ऋतूंचे आपण कौतुक केले ते उबेच्या अंगाने: शेकोटी, रजई, कोवळे ऊन, तीळगूळ. 'गुलाबी थंडी' म्हणतो तीही सोसणारी थंडी. ती बोचू लागली की आपले काव्य संपते आणि काढा सुरू होतो.

आता प्रत्यक्ष हिमकणाकडे वळू. १६११ साली योहानेस केप्लर या ज्योतिर्विदाने एक छोटी पुस्तिका लिहिली. हिमकणाला नेहमी सहाच कोपरे का असतात, पाच किंवा सात का नाहीत, हा तिचा विषय. ग्रहांच्या कक्षा मोजणारा माणूस बाहीवर पडलेल्या कणापाशी थबकला होता. त्याला पूर्ण उत्तर मिळाले नाही. रेणूंची मांडणी समजायला पुढे तीनशे वर्षे जावी लागली. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात, म्हणून कण षटकोनी होतो. ढगातून खाली येताना त्याला जशी थंडी आणि जसा दमटपणा भेटतो तशा त्याला फांद्या फुटतात. शून्याखाली पाच अंशांच्या आसपास सुया होतात, पंधरा अंशांच्या आसपास नक्षीदार चांदण्या. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत हिमकण तयार करून हे नाते दाखवले. हिमकण म्हणजे आकाशाने पाठवलेले पत्र, असे ते म्हणत. वरच्या हवेचा सगळा वृत्तांत त्या आकारात लिहिलेला असतो.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको नावाचे खेडे आहे. तिथल्या विल्सन बेंटली या तरुण शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे १९३१ पर्यंत, त्याने पाच हजारांवर कण टिपले. काम थंडगार खोलीत चाले. श्वास लागला तर कण विरघळे, म्हणून तो श्वास रोखून धरी आणि पक्ष्याच्या पिसाने कण काचेवर हलकेच बसवी. हे वाचले तेव्हा मला आमच्या मुनींची पिच्छी आठवली. मोरपिसांनी जागा हळुवार झाडायची, आपल्या हालचालीने कुणाला इजा होऊ द्यायची नाही. बेंटलीने जैन धर्माचे नावही ऐकले नसेल, पण नाजूक वस्तूपाशी जाण्याची रीत दोन्हीकडे एकच निघाली.

बर्फ पांढरा का दिसतो? मुळात कण पारदर्शक असतो. असंख्य कणांच्या असंख्य पैलूंवरून सगळाच प्रकाश परततो म्हणून पांढरा. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांहून अधिक तर हवाच असते. त्या हवेच्या कप्प्यांत आवाज अडकतो, म्हणून बर्फ पडल्यावर गाव एकाएकी शांत होते. तीच हवा पांघरुणाचेही काम करते. बर्फाखालची जमीन आणि तिच्यातले बी वरच्या थंडीपासून जपले जाते. थंड वस्तूच थंडीपासून राखते, हे आपल्याला चमत्कारिक वाटते. पण कापसाच्या रजईत तरी काय असते? तिथेही कापूस हवा धरून ठेवतो आणि ती हवा आपल्याला ऊब देते.

बेंटली श्वास रोखून उभा होता तेव्हा त्याच देशात आपली एक मुलगी दुसरा हिवाळा काढत होती. आनंदीबाई जोशी. १८६५ साली कल्याणला जन्मलेली, नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी दहा दिवसांचे मूल गमावलेली. ७ एप्रिल १८८३ रोजी ती कलकत्त्याहून जहाजात बसली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तिला घरी ठेवून घेतले. ऑक्टोबरपासून ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकू लागली. तिने तिथे तीन हिवाळे काढले. शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. नऊवारीत पाय उघडे राहतात, म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसू लागली. थंडीशी तिने केलेली तडजोड ती ही. १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये घेतलेले एक छायाचित्र आपण पाहिले असेल: जपानची केई ओकामी, सीरियाची साबात इस्लामबूली आणि आपली आनंदीबाई, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. मी ते पाहते तेव्हा डॉक्टर म्हणून माझी नजर कपड्यांच्या जाडीकडे जाते.

११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूकही झाली. पण शरीरात क्षय शिरलेला होता. नोव्हेंबरात ती मुंबईला पोहोचली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली, बावीस वर्षे पुरी व्हायच्या आत. फिलाडेल्फियाच्या थंडीने तिचा जीव घेतला, असे सरसकट म्हटले जाते. शास्त्र तसे म्हणत नाही. क्षय जंतूने होतो. ती निघाली त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये तो जंतू दाखवला होता. पण कमी आहार, अपुरी ऊब, अतिश्रम आणि एकटेपणा यांनी शरीराची तटबंदी ढासळते, हे कोणत्याही पॅथीचा डॉक्टर मान्य करील. बर्फ तिच्याही खिडकीबाहेर पडत होता. तो निवांत पाहण्याइतकी ऊब तिच्या वाट्याला किती आली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्याच काळात युरोपात नेमके उलटे चालले होते. स्वित्झर्लंडमधल्या दावोस या उंचावरच्या गावी क्षयाचे रोगी मुद्दाम हिवाळ्यात जात. आरोग्यधामांच्या सज्जांवर, जाड पांघरुणांत गुंडाळून, बर्फाच्छादित डोंगरांकडे तोंड करून त्यांना तासन्तास निजवत. थोमास मान यांची 'द मॅजिक माउंटन' ही १९२४ ची कादंबरी याच जगावर आहे. या उपचाराने क्षय बरा होत होता असे आज आपण म्हणणार नाही. औषध तेव्हा नव्हतेच. पण सकस आहार, विश्रांती, देखरेख आणि सोबत तिथे होती, अर्थात ज्यांना परवडे त्यांनाच. एकाच रोगाच्या माणसांना बर्फ एकीकडे शत्रू आणि दुसरीकडे सोबती वाटला. फरक बर्फात नव्हता, पांघरुणात होता.

आता आपल्या गावाकडे या. जानेवारी १९४८ मध्ये एक तेवीस वर्षांचा आजारी गवई कोरड्या हवेसाठी देवासला आला. कुमार गंधर्व. मूळचे बेळगावजवळच्या सुळेभावीचे, नाव देशभर झालेले, आणि फुफ्फुसाला क्षय. गाणे बंद. भानुमतीबाईंनी नोकरी सांभाळून शुश्रूषा केली. माळव्याची हवा चांगलीच आहे, पण त्यांना उठवले ते स्ट्रेप्टोमायसिनने, हे डॉक्टर म्हणून मला स्पष्ट सांगितले पाहिजे. हे औषध १९४३ साली न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात शॅट्झ आणि वॅक्समन यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळवले. आनंदीबाई ज्या राज्यात येऊन राहिली, तिथल्याच मातीत तिच्या रोगावरचे औषध होते. ते हाती यायला तिच्या आगमनानंतर साठ वर्षे लागली. मी होमिओपॅथीची डॉक्टर असले तरी क्षयाचा संशय आलेल्या रोग्याला आजही लगेच सरकारी केंद्रात पाठवते, त्यामागे या दोघांचीही आठवण असते.

पडून असलेल्या कुमारजींच्या कानांवर माळव्याची लोकगीते पडत राहिली. बरे झाल्यावर त्यांनी ऋतूंवर मैफली बांधल्या: 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत'. ज्याच्या फुफ्फुसाला थंडीचे सर्वांत जास्त भय, त्याने हेमंताची आख्खी मैफल गायली. सौंदर्य दिसायला जीव थोडा निर्धास्त व्हावा लागतो. देवासने त्यांना ती निर्धास्ती दिली. आपल्या गावाबद्दल मला ज्या गोष्टींचा अभिमान वाटतो, त्यांत ही फार वरची आहे.

उत्तरेकडच्या लोकांनी हिवाळ्याशी कसे जमवले ते आता पाहू. नॉर्वेत एक शब्द आहे, 'फ्रिलुफ्त्स्लिव'. मोकळ्या हवेतले जगणे असा त्याचा अर्थ. इब्सेनने तो १८५९ साली वापरला आणि पुढे तो घराघरांत गेला. हवा वाईट नसते, कपडे अपुरे असतात, असे तिकडे मुलांना शिकवतात. त्या देशांत तान्ही बाळे नीट गुंडाळून बाबागाडीत बाहेर निजवतात, हे ऐकून आपल्या आज्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. फिनलंडमध्ये सौना हा घरोघरचा संस्कार आहे. २०२० साली युनेस्कोने तो मानवी वारशाच्या यादीत घेतला. जपानमध्ये आपण कोजागरीला चंद्र पाहावा तसे हिमदर्शन करतात, त्याला 'युकिमी' म्हणतात. कानाझावाच्या केनरोकुएन उद्यानात दर नोव्हेंबरला पाइन वृक्षांच्या फांद्या दोरांनी वर बांधतात, बर्फाच्या ओझ्याने मोडू नयेत म्हणून. हेतू संरक्षणाचा, पण ते सुळक्यासारखे दोरच पाहायला लोक गर्दी करतात.

मुलीकडे ऑटावाला मी एक आख्खा हिवाळा राहिले आहे. तिथे रीडो कालवा गोठतो आणि त्याच्या ७.८ किलोमीटर लांबीवर गाव स्केटिंग करते. हा प्रघात १९७० च्या सुमारास सुरू झाला. कचेरीत जाणारे लोक पाठीवर पिशवी टाकून बर्फावरून घसरत जातात. कडेला गरम पेयांच्या टपऱ्या असतात. आजोबा-आजींना खुर्चीवजा घसरगाडीत बसवून नातवंडे ढकलत नेतात. माझा नातू म्हणाला, "आजी, तू भिऊ नकोस, खाली तीस सेंटिमीटर बर्फ मोजूनच दार उघडतात." ते खरेच आहे. आनंदाच्या आधी कुणीतरी मोजमाप केलेले असते. पहाटे चारला रस्त्यावरचा बर्फ लोटणारी यंत्रे आलेली असतात, पायवाटेवर मीठ टाकलेले असते, घराच्या भिंतींत ऊब धरणारे अस्तर असते. खिडकीतून दिसणाऱ्या शुभ्र दृश्यामागे ही सगळी अदृश्य मेहनत उभी असते. मांडवच्या वाड्यांतून पावसाळा बघणाऱ्यांचेही तसेच होते. १६१७ चा पावसाळा जहांगीर बादशहाने मांडवला काढला आणि त्याचे तोंडभर कौतुक लिहून ठेवले. रात्री पांघरूण लागते, दिवसा पंखा लागत नाही, असे तो म्हणतो. छप्पर भक्कम असले की पाऊस सुंदर दिसतो.

म्हणून परदेशी निघालेल्या काका-काकूंना मी आता औषधांच्या पुड्यांबरोबर चार गोष्टी सांगते. आमच्याकडे रोग्याची हकीकत घेताना एक प्रश्न ठरलेला असतो: तुम्हाला थंडी सोसत नाही की उकाडा? तो स्वतःला विचारा आणि त्याप्रमाणे तयारी करा. एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन थर घाला: अंगालगत घाम टिपणारा, मध्ये लोकरीचा, वर वारा अडवणारा. बूट रुंद आणि खडबडीत तळाचे हवेत. बर्फावर पावले लहान टाका, हात खिशातून बाहेर ठेवा. या वयात खुब्याचे हाड मोडले तर बर्फापेक्षा ते महाग पडते. फावड्याने बर्फ उपसण्याचा उत्साह धरू नका. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि त्यात ते जड काम. हृदयाला एकदम ताण येतो. ऊन पडले की काळा चष्मा घाला, कारण ताजा बर्फ अतिनील किरण मोठ्या प्रमाणात परतवतो आणि डोळे भाजतात. घर तापवल्याने आतली हवा कोरडी होते. पाणी पीत राहा, त्वचेला तेल लावा. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, दम्याच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, माझ्यासुद्धा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. देवास २३ अक्षांशावर, ऑटावा ४५ वर. डिसेंबरात आपल्याकडे दिवस साडेदहा तासांहून मोठा, तिकडे पावणेनऊ तासांच्या आत. हेलसिंकीला तर सहा तासांहूनही कमी. उजेड कमी झाला की काहींचे मन खचते. हे लाड किंवा हट्ट नव्हेत. नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली या हिवाळी उदासीचे शास्त्रीय वर्णन केले. तेव्हा दुपारी, उजेड असताना, अर्धा तास तरी बाहेर पडा. आणि तिकडच्या मुलांना माझे सांगणे असे की, आईवडिलांना उबदार खोली दिलीत एवढ्याने भागत नाही. त्यांना बूट घालून द्या, हात धरून बाहेर न्या, बस कशी पकडायची ते शिकवा. खिडकीत बसून राहिलेल्या त्या काकांना मी विचारले, "एकदाही बाहेर नाही गेलात?" ते म्हणाले, "कुणाला वेळ होता, बाई?" आणि अंगणात उभ्या राहिलेल्या काकूंच्या शेजारी त्यांची सून उभी होती, त्यांच्या कानांवर टोपी ओढत. माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मला या दोन वाक्यांत मिळाले.

आता थोडे माझ्या घरच्या विचारांविषयी. आमच्या शास्त्रांत दव, हिम, धुके, गारा ही सगळी अप्कायिक जीवांची, म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर अशा जीवांची, रूपे मानली आहेत. म्हणून गारा आणि हिम हे अभक्ष्यांत मोडतात; माझ्या आईने आयुष्यात बर्फाचा गोळा चाखला नाही. लहानपणी मला तो नियम जाच वाटे. ऑटावाच्या पहिल्या हिमवर्षावात मात्र त्याचा एक वेगळा अर्थ मनात आला. समोर जे पडते आहे ते माझ्या उपभोगासाठी पडत नाही, त्याचे स्वतःचे अस्तित्व आहे, अशा भावनेने पाहिले की नजर हळू होते. बारा भावनांतली पहिली अनित्य भावना. तिचे याहून सोपे चित्र मला कुठे मिळाले नाही. हातमोज्यावर उतरलेली चांदणी आकार दाखवते आणि विरते. ती धरून ठेवता येत नाही, म्हणून पूर्ण पाहावी लागते. असे पाहण्याला कोणत्याही धर्माच्या माणसाची हरकत नसावी.

हे पाहणेही आता पूर्वीइतके हुकमी राहिलेले नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात रीडो कालव्यावरचा बर्फ पुरेसा जाड झालाच नाही आणि प्रघात सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्या हंगामात तो एक दिवसही उघडला नाही. हवा तापते आहे, हे आपण उन्हाळ्याच्या भाषेत बोलतो. तिकडचे लोक ते हरवलेल्या हिवाळ्याच्या भाषेत बोलतात. आपल्या नातवंडांना जो बर्फ दिसतो आहे तो त्यांच्या नातवंडांना तसाच दिसेल, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आणि बर्फ नसला म्हणून माळव्यात थंडी हलकी असते असे नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. एखाद्या निरभ्र, निवाऱ्या रात्री पाला पडतो आणि सकाळी हरभऱ्याचे, बटाट्याचे शेत करपलेले दिसते. शेतकरी रात्रभर जागून धूर करतात, शेताला हलके पाणी देतात, कारण पाणी आपली ऊब सोडत जाते आणि पीक वाचते. त्याच रात्री आपल्या बसस्थानकाच्या फरशीवर, टेकडीच्या पायऱ्यांशी, बांधकामाच्या वाळूवर माणसे निजलेली असतात. आपण रजईत शिरून गुलाबी थंडी म्हणतो तेव्हा तिचा गुलाबी रंग त्या रजईमुळे असतो. गराडूच्या गाड्यांपाशी सगळे देवास जमते. मी कंदमूळ खात नाही, म्हणून मी शेजारच्या शेकोटीपाशी थांबते आणि तिथे हात शेकायला आलेल्यांच्या अंगावर काय आहे ते पाहते. मग सकाळी दवाखान्यात येणाऱ्या खोकल्यांचे कारण वेगळे शोधावे लागत नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. उत्तरेचा शुभ्र हिवाळा सुंदर आहे, आणि संधी मिळाली तर न घाबरता, नीट कपडे घालून, कुणाचा तरी हात धरून तो अवश्य पाहावा. पण ते सौंदर्य पाहणाऱ्याच्या अंगावर पुरेशी ऊब असेल तरच त्याच्यापर्यंत पोहोचते, आणि ती ऊब बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी दिलेली असते. आनंदीबाईच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवल्या. तिथे दर हिवाळ्यात बर्फ पडतो. तिला परक्या देशात आपले म्हणणारे ते घर मिळाले, हीच तिच्या वाट्याची ऊब.

या हिवाळ्यात आपल्यापैकी जे परदेशी जात आहेत त्यांनी परत आल्यावर मला फोटो दाखवावेत. खिडकीतून काढलेले नकोत, बाहेर उभे राहून काढलेले हवेत. जे इथेच आहेत त्यांनी घरातली एक जास्तीची रजई संक्रांतीच्या आधी कुणाच्या तरी अंगावर घालावी. तीळगूळ त्यानंतर.